मरणानंतरची पानं

मोरा कोळीवाड्यातल्या काही बायकांची पुस्तक भिशी आहे. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि मग त्यावर बोलायचं. या खेपेला लहानपणीच्या दुःखावरची कादंबरी हवी होती. त्यांच्यातल्या एक काकी कुठलंही पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा विचारतात, ‘मरण कुठं येतं, आन् मंग पानं किती उरतात?’ हे ऐकलं आणि मी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली.

ओहोटीला गाळामुळे मोऱ्याला लाँच लागत नाही, म्हणून बैठक भरतीच्या वेळेला. ओट्यावर सुकटीचा वास, मध्ये पुस्तकांची चळत.

पहिलं नाव अर्थातच ‘श्यामची आई’चं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ‘४२ रात्री श्याम गोष्ट सांगतो,’ काकी म्हणाल्या, ‘आन् आई जाते पार शेवटाला. पुढं श्याम कसा जगला?’ एका ताईने ‘कोसला’ सुचवली. त्यात मणी गेल्यानंतरही पुस्तक बरंच चालतं. पण तिथे लहान आहे ती गेलेली बहीण, दुःख करणारा पांडुरंग कॉलेजात शिकलेला तरुण. तीही बाजूला पडली.

काकी शाळेत असताना त्यांचे वडील समुद्रावर गेले ते परतले नाहीत. ‘तेराव्यानंतर मना कोनी काय इचारलाच नाय,’ एवढंच त्या बोलल्या. त्यांचा प्रश्न कुठून येतो ते तेव्हा कळलं.

शेवटी ‘पाडस’ ठरलं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची १९३८ची कादंबरी. मराठीत आणली राम पटवर्धनांनी. ज्योडी या मुलाचा पांगळा मित्र मरतो तेव्हा तो पहिल्यांदा मरण जवळून पाहतो. पुढे त्याने जीव लावलेलं पाडस शेतातलं पीक खाऊ लागतं. घर त्या पिकावर जगतं, म्हणून पाडसाला मारावं लागतं आणि शेवटची गोळी ज्योडीलाच घालावी लागते. तो घर सोडून पळतो, उपाशी भटकतो, परत येतो, आणि बाप त्याच्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलतो. पोटासाठी काय काय करावं लागतं, हे या ओट्यावर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ‘यात बाप इचारतो,’ काकी म्हणाल्या. निवड झाली.

त्या ४२ रात्रींचं मोल याने कमी होत नाही. पण आपण दुःखाची पुस्तकं रडवण्याच्या ताकदीवर निवडतो, आणि ते अपुरं आहे. मुलाचं खरं दुःख पाहुणे गेल्यावर सुरू होतं. तुमच्या वाचनगटासाठी असं पुस्तक निवडाल तेव्हा काकींचा प्रश्न आधी विचारा: मरणानंतर त्या मुलाशी कुणी बोलतं का?