चाक आणि तुंबा

नेगेवच्या खडकाळ वाटांवर मुक्कामास जाण्यासाठी आमच्या पुतण्याने घरीच एक ट्रेलर तयार केला. आपल्या जुन्या लँड रोव्हरसारखीच चाके त्यास लावावीत, म्हणजे एकच जादा चाक दोहोंस उपयोगी पडेल, हा त्याचा विचार योग्यच होता. हबवर पाच बोल्ट, चाकासही पाच भोके. तरी चाक बसेना. "काका, भोके लांबट कोरून घेऊ," तो म्हणाला. आम्ही त्यास थांबविले.

पाच बोल्टांत समोरासमोरची जोडी नसते. म्हणून त्यांच्या वर्तुळाचा व्यास सरळ मोजता येत नाही. शेजारील दोन बोल्टांच्या मध्यबिंदूंतील अंतर घेऊन त्यास १.७ ने गुणावे. हबवर ते ८२ मिलिमीटर भरले, म्हणजे व्यास साडेपाच इंच. चाकावर ९७, म्हणजे साडेसहा. फरक पुरा एक इंचाचा! भोक कोरल्यास नटाची निमुळती बैठक नाहीशी होते, नट सैल पडतात आणि भर रस्त्यात चाक निखळते. मागून येणाऱ्या गाडीतही कोणाची तरी लेकरे असतात.

अखेर लँड रोव्हरच्या मापाचे व भार पेलणारे हब आणले. नट क्रमाने न आवळता एकाआड एक आवळले. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. रीतसर तपासणी व परवाना झाल्यावरच ट्रेलर रस्त्यावर आला.

कोकणातील बैलगाडीचा सुतार आधी तुंबा घडवी, मग त्यात आरे बसवी. समाजबांधवांनीही आधी तुंबा पाहावा, मग चाक आणावे.