पदवीवर थांबू नका : एम.ए., एम.कॉम.च्या प्रवेशाची वेळेत तयारी करा

जालन्याच्या मस्तगड भागात पदवीचे निकाल लागले की घराघरांत आनंद होतो. कितीतरी घरांत बी.ए. किंवा बी.कॉम. झालेला मुलगा वा मुलगी त्या घरातील पहिलीच पदवीधर असते. पेढे वाटले जातात, बुद्धविहारात सत्कार होतो. महिनाभरात तोच पदवीधर मोंढ्यात हिशेब लिहायला किंवा सळईच्या कारखान्यात कामाला लागतो. घरची गरज असते, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण 'एम.ए., एम.कॉम. आपल्यासाठी नाही' हा निर्णय कसलीही चौकशी न करता घेतला जातो, याचे आम्हाला वाईट वाटते. पैसा नाही म्हणून शिक्षण थांबते, तसेच एक कागद नाही म्हणूनही थांबते. कागदाचा अडथळा तर आपल्या हाताने दूर करता येतो.

बाबासाहेबांच्या उच्च शिक्षणाची गोष्ट आपण दर १४ एप्रिलला ऐकतो. त्या गोष्टीत प्रवेशाच्या कागदपत्रांचा भागही आहे, तो मात्र आपण सांगत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्यासाठी संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती, ती बोटही महायुद्धात बुडाली.

अशा वेळी दुसरा कोणी म्हणाला असता, 'संपले आपले शिक्षण.' बाबासाहेबांनी मात्र निघण्यापूर्वी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली, मुदत संपण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. खंड पडला तरी परतीची वाट त्यांनी कागदावर मोकळी ठेवली होती. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते, कारभार हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून चाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले आणि दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. ते विद्यापीठ जालन्याहून साठेक किलोमीटरवर आहे. त्या नावासाठी माणसांनी जीव दिले. आपली मुले तिथे शिकायला गेली पाहिजेत.

प्रवेशासाठी काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, निकालाची वाट पाहत बसू नका. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे अर्ज पदवीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी निघतात आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते भरता येतात. एम.बी.ए., एम.सी.ए. यांना राज्याची सीईटी असते.

दुसरी गोष्ट, एक फाईल करा. दहावी-बारावीच्या व पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, टी.सी., रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. मध्ये वर्ष गेले असेल तर खंडाचे प्रतिज्ञापत्र करावे. सर्व कागदांवर नाव सारखे आहे ना, हे आजच पाहा. लग्न झालेल्या मुलींचे प्रवेश पुष्कळदा याच कारणाने अडकतात.

तिसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाल्या. राज्यात एक नमुना चालतो आणि केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तेव्हा दोन्ही काढून ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र मागतात. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा गावी जाऊन आणा. हे काम दोन दिवसांत होत नाही.

चौथी गोष्ट पैशाची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यावर असेल तर फ्रीशिप आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि दुसऱ्या वर्षी विसरू नका, नूतनीकरण करावे लागते. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी आणि काही अडचण आली तर दाद, दोन्हींसाठी समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा. तोंडी उत्तरावर परतू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ज्यांना नोकरी सोडता येत नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. दिवसा काम आणि रात्री अभ्यास हा मार्ग कठीण आहे, पण चालून जाण्यासारखा आहे.

आई-वडिलांना आमची एकच विनंती. मुलगी पदवीधर झाली की स्थळे बघायला घाई करू नका. दोन वर्षे द्या. प्राध्यापक व्हायचे, तर पदव्युत्तर पदवीवाचून दार उघडत नाही. ज्यांना हे फॉर्म भरता येतात, त्या आपल्या नोकरदार बंधूंनी रविवारी दोन तास विहारात बसावे आणि वस्तीतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या फाईली तपासून द्याव्यात. यासाठी वर्गणी लागत नाही.

जयभीम!