काठी मिळते, मैदान मिळत नाही

नाशिकमध्ये कुणालाही विचारा, ‘गोल्फ क्लब कुठे आहे हो?’ तो हात करून रस्ता दाखवील. त्या रस्त्याने गेल्यावर आपण पोहोचतो ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर. तिथे पहाटे फिरायला येणारी मंडळी दिसतात, रणजी करंडकाचे सामने तिथे झालेले आहेत, पण गोल्फ कुणी खेळत नाही. १९०९ साली जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कोवळ्या क्रांतिकारकाचे नाव मैदानाला मिळाले हे योग्यच झाले. लोकांच्या तोंडचा ‘गोल्फ क्लब’ मात्र गेला नाही. मराठी माणसाचे आणि गोल्फचे नाते बहुधा असेच आहे. नाव सर्वांना ठाऊक, खेळ कुणाला नाही. हिंदी चित्रपटातला नायिकेचा बाप पांढरे बूट घालून हिरवळीवर काठी फिरवतो आणि तेवढ्यात गरीब नायकाला कोरा चेक देऊ करतो, एवढीच आपली या खेळाची ओळख.

प्रस्तुत लेखक या खेळाच्या नादी लागला तो चाळिशी उलटल्यावर. खिसा नोकरदाराचा, कुठल्या क्लबाचे सभासदत्व नाही. कधी एखाद्या मित्राचा पाहुणा म्हणून, कधी बाहेरच्यांना पैसे भरून खेळू देणाऱ्या मैदानावर, असा सुटीच्या दिवसांपुरता आमचा खेळ. तरीही इतक्या वर्षांत बऱ्याच काठ्या हातांखालून आणि बरीच मैदाने पायांखालून गेली. हा खेळ महाग आहे, यात शंका नाही; पण त्यातली खरी महाग वस्तू कोणती, याविषयी मात्र लोकांचा मोठा गैरसमज आहे. आजचा विषय तोच.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानात अठरा ठिकाणी जमिनीत सव्वाचार इंच व्यासाचा खळगा असतो, त्यात झेंडी रोवलेली असते. दूरवरून चेंडू मारत मारत त्या खळग्यात घालायचा. खळगा किती दूर आहे त्यावरून तीन, चार किंवा पाच फटके ही त्याची ठरलेली संख्या. तिला पार म्हणतात. अठरांची बेरीज बहुतेक मोठ्या मैदानांवर ७२ येते. पुरा फेरा चालत केला तर चार तास लागतात आणि सहज सात-आठ किलोमीटर चाल होते. आमच्यासारख्यांचे फटके अर्थातच नव्वदीच्या घरात जातात. त्यावर उपाय म्हणजे हँडिकॅप. एकाला साधारण ७८ फटके लागतात आणि दुसऱ्याला ९०, तर दुसऱ्याला बारा फटक्यांची सूट. त्यामुळे साठीचे वडील आणि विशीतला मुलगा बरोबरीने खेळू शकतात. कॅरम सोडला तर अशी सोय फारशा खेळांत नाही.

आता काठ्या. नियमाने एका खेळाडूला जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. १९३० च्या दशकापर्यंत अशी मर्यादाच नव्हती. लोक वीस-वीस, पंचवीस-पंचवीस काठ्या घेऊन निघत आणि ते ओझे वाहणाऱ्या कॅडीचा जीव मेटाकुटीला येई. पूर्वी काठीचा दांडा हिकरी नावाच्या लाकडाचा असे, मग पोलाद आले, त्यानंतर ग्रॅफाइट. लांब मारायच्या काठीला अजून ‘वुड’ म्हणतात, पण तिच्यात लाकूड औषधालाही उरलेले नाही. डोके पोकळ धातूचे, बहुधा टायटॅनियमचे. तेही फुगत फुगत इतके मोठे झाले की शेवटी ४६० घनसेंटिमीटरहून मोठे डोके चालणार नाही, असा नियम करावा लागला.

चेंडूची कथा अधिक गमतीची. जुन्या काळी चामड्याच्या पिशवीत टोपीभर पिसे ठासून चेंडू शिवत. तो भिजला की फुटे आणि किमतीला भारी. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू बनू लागले आणि खेळ स्वस्त झाला. मग खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले की नवा कोरा गुळगुळीत चेंडू भरकटतो, उलट मार खाऊन चरे पडलेला चेंडू सरळ आणि लांब जातो. म्हणून कारखानदार मुद्दाम चरे पाडू लागले आणि त्यातूनच आजच्या चेंडूवरचे तीन-चारशे खळगे आले. या खळग्यांमुळे चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर घुसळला जातो, तो मागच्या बाजूने अधिक वेळ चेंडूला धरून राहतो, आणि चेंडूला मागे खेचणारी हवेची पोकळी लहान होते. अगदी गुळगुळीत चेंडू त्याच फटक्याने जेमतेम निम्मे अंतर जाईल. थोडे टक्केटोणपे खाल्लेला चेंडूच लांब जातो, हे सांगायला पदार्थविज्ञान लागत नाही असे आमचे एक ज्येष्ठ खेळगडी म्हणतात, ते सोडून द्या.

साधनांच्या या मोहात नवा खेळाडू हमखास सापडतो. दुकानात गेला की त्याचा हात आधी ड्रायव्हरकडे, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीकडे जातो. बॅगेतली बहुधा सर्वांत महाग काठी तीच. आता जरा हिशेब करू. ७२ पारच्या मैदानावर सहसा चार खळगे इतके जवळ असतात की तिथे ड्रायव्हरची गरजच पडत नाही. म्हणजे सबंध फेऱ्यात ही काठी फार तर चौदा वेळा बाहेर निघणार. याउलट पटर, म्हणजे खळग्याजवळच्या हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलायची काठी. पारच्या हिशेबातच प्रत्येक खळग्याला पटरचे दोन फटके धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस! निम्मा खेळ या एका काठीचा, आणि ती एखाद्या निवृत्त खेळाडूच्या माळ्यावरची जुनी असली तरी कुठे अडत नाही.

पैसा जिथे खरोखर उपयोगी पडतो त्या जागा साध्या आहेत. काठीची लांबी आणि मुठीची जाडी आपल्या उंचीला आणि पंजाला जुळायला हवी. परदेशातल्या नातेवाइकाने बॅगेतून आणलेला संच सहा फुटी माणसाच्या मापाचा असू शकतो. तो तसाच वापरण्यापेक्षा कारागिराकडून मापात करून घ्यावा. मुंबईच्या दमट हवेत घामाने मुठीवरचे रबर गुळगुळीत होते. ते अधूनमधून कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावे, आणि कडक झाले की बदलून टाकावे. हातमोजा उन्हात वाळत घालू नये, चामडे पापडासारखे होते. चेंडू नवे कोरे लागत नाहीत. मैदानावरच्या तळ्यांतून काढलेले चेंडू निम्म्याहून कमी दरात मिळतात, आणि आमच्यासारख्यांच्या हातून ते पुन्हा तळ्यातच जायचे असतात.

पण काठ्यांची ही विद्या पुरी झाली तरी खेळ शिकवते ते मैदानच. कुलाब्याच्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबाच्या मैदानावर समुद्राचा वारा असा सुटतो की सकाळी सात नंबरच्या काठीने गाठलेले अंतर दुपारी पाच नंबरनेही गाठता येत नाही. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचे मैदान १९२७ पासूनचे. मुंबईसारख्या शहरात एवढी मोकळी हिरवाई पाहिली की आधी डोळे निवतात. गुलमर्गचे मैदान साडेआठ हजार फुटांहून उंचावर. तिथली हवा विरळ, त्यामुळे तोच फटका लांब जातो आणि माणसाला आपण एकाएकी तरुण झालो असे वाटू लागते. लष्कराच्या लहान ठाण्यांवर पाण्याची चणचण असते. तिथे खळग्याभोवती हिरवळ नसून वाळूत तेल कालवून थापलेले वर्तुळ असते. त्याला ‘ग्रीन’ म्हणत नाहीत, ‘ब्राउन’ म्हणतात. खेळून झाले की त्यावरच्या पावलांच्या खुणा मोडून, अंगण सारवावे तसे ते पुढच्या मंडळींसाठी सारखे करून ठेवायचे. खेळातला सभ्यपणा मी शिकलो तो अशाच एका ब्राउनवर.

आपल्या महाराष्ट्रात तर एकच मैदान वर्षात तीनदा बदलते. उन्हाळ्यात जमीन तापून फरशीसारखी होते आणि चेंडू टप्पा घेऊन घरंगळत कुठच्या कुठे जातो. श्रावणात तोच चेंडू जिथे पडेल तिथे रुततो. अशा वेळी दंड न घेता उचलून, पुसून, शेजारी टाकायची मुभा नियमानेच दिलेली आहे. घारीने किंवा कावळ्याने चेंडू अंडे समजून पळवला तरी दंड नाही, मूळ जागी दुसरा ठेवायचा. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने मात्र सोन्यासारखे.

मैदानावर आपल्याबरोबर चालणारा कॅडी हा या खेळातला खरा जाणकार. कुठे उतार आहे, वारा कुठून फिरतो, साहेबांच्या अंगात आज किती बळ आहे, हे सारे तो न बोलता ओळखतो. कॅडीची किंवा माळ्याची मुले या खेळात कुठवर जाऊ शकतात याचे दाखले आपल्याच देशात आहेत. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वावरलेल्या अली शेरने १९९१ साली आणि पुन्हा १९९३ साली इंडियन ओपन जिंकली. शिव शंकर प्रसाद चौरसिया हा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबाच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा. हा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. चौरसियाने २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन. दोघांच्याही नशिबी उंची काठ्यांचे बालपण नव्हते. होते ते एकच. मैदान उशाशी होते.

याची दुसरी बाजू चेंबूरलाच पाहायला मिळते. तिथल्या वस्तीतल्या कॅडी पोरांनी आपला वेगळा गोल्फ काढला. बांधकामावरची लोखंडी सळई वाकवली की झाली काठी, प्लास्टिकचा चेंडू, आणि मैदान म्हणजे दोन घरांमधली चिंचोळी गल्ली. चेंडू हातभर वाकडा गेला तर कुणाच्या तरी दारातून थेट चुलीवर! अशा ठिकाणी सरळ मारण्याची सवय आपोआप लागते. देशविदेशच्या छायाचित्रकारांनी या खेळाची चित्रे टिपली आणि जगभर त्यांचे कौतुक झाले. कौतुक होण्यासारखे ते आहेच. पण ती चित्रे पाहून माझ्या मनात येते ते वेगळे. काठीवाचून या पोरांचे काही अडले नाही, ती त्यांनी सळईची केली. मैदान मात्र सळईचे करता येत नाही.

या प्रश्नाला इतिहासही आहे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ साली आपल्या नावाचा क्लब काढला, त्याची मोठी नवलाई ही की तिथे भारतीयांनाही प्रवेश होता. गोऱ्या रंगाची अट कधीच गेली. प्रवेश फीची आणि वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायादीची राहिली. याउलट स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज पाहा. गोल्फची पंढरीच ती! स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली, लोक तिरंदाजीचा सराव सोडून गोल्फ खेळतात म्हणून बंदी घातली होती, इतका तिथला खेळ जुना. तिथले सर्वांत पूज्य मैदान, ओल्ड कोर्स, ही सार्वजनिक जमीन आहे. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावातली माणसे मुले-कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित मैदानाला कुंपणावाचून चालते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

घरात हा विषय निघाला की गृहिणी एक रास्त प्रश्न विचारतात. मराठवाड्यात टँकर फिरत असताना हिरवळीवर एवढे पाणी कशाला? त्याला माझ्याकडे एकच प्रामाणिक उत्तर आहे. पिण्याचे पाणी गोल्फला देऊच नये. शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरावे, आणि तेही नसेल तिथे ब्राउन करावेत. खेळ त्याने कमी होत नाही. आणि शहराच्या पोटात एवढी मोकळी जागा टिकली आहे, तर आठवड्यातली एक सकाळ आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी ठेवायला क्लबांना फार खर्च येणार नाही. अनेक क्लबांत सुटीच्या वारी कॅडींना खेळू देतातच. त्याच वाटेने आणखी एक पाऊल.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरच्या अदिती अशोकचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले, तेव्हा घरोघरची मंडळी भल्या पहाटे दूरचित्रवाणीसमोर बसली होती. तिची बॅग सांभाळायला कॅडी म्हणून तिची आई होती. त्यानंतर ‘आमच्या मुलीला शिकवायचे आहे, काय काय घ्यावे?’ असे अनेक पालक विचारू लागले. त्यांना मी सांगतो, तूर्त काही घेऊ नका. सरावाच्या मैदानावर काठी भाड्याने मिळते. सहा महिने टिकली, तर सात काठ्यांचा जुना अर्धा संच पुरे. जो पैसा वाचेल तो मैदानावरच्या तासांसाठी ठेवा, आणि तिच्याबरोबर चाला.

शिवाय एक लाभ असा, की तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. आमच्या सुटीच्या खेळात पंच नसतो. झुडपाआड मारलेला फटका कुणी पाहिलेला नसतो. संध्याकाळी कार्डावर आकडा मांडताना तो धरायचा की सोडायचा, हे दहा-बारा वर्षांच्या पोराला एकट्यालाच ठरवावे लागते. ज्या दिवशी तो न सांगता धरील, त्या दिवशी आणखी काही शिकवायचे फारसे उरत नाही.