नव्वदची कॅसेट

गेल्या महिन्यात मोबाइलवरचं गाण्याचं अ‍ॅप बंद झालं. पैसे भरून उतरवून घेतलेली गाणी एका रात्रीत गेली. सकाळी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. वरच्याच कॅसेटवर माझं अक्षर : ‘पोहरादेवी, रामनवमी, १९८९’.

तेव्हा आमचं वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला १९९८ साली. हवी ती कॅसेट आणायची तर मीटरगेजच्या गाडीनं अकोला गाठावं लागे. रेकॉर्डच्या जमान्याचं मला फारसं ठाऊक नाही, आमच्याकडे फोनोच नव्हता. पण १९८५ नंतरची दहा वर्षं आम्ही कॅसेटी भरल्या. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घालायची, विविध भारतीवर गाणं लागलं की दोन बटणं एकदम दाबायची, निवेदक बोलायला लागला की थांबवायचं. भरून झाली की मागचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे चुकून कुणी पुसणार नाही.

कंपन्यांच्या लेखी आम्ही चोर. १९८१ साली ब्रिटनमधल्या कंपन्यांनी कॅसेटचीच कवटी करून, खाली दोन हाडं काढून, घरच्या कॉपीमुळे संगीत मरतंय म्हणून मोहीम उघडली. आपल्याकडे १९८४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट भंगाची शिक्षा तीन वर्षांपर्यंत नेली. नकला विकणाऱ्यांना ती हवीच होती. पण घरी ऐकणाऱ्याचं काय? खाजगी वापराच्या सवलतीत ध्वनिमुद्रणं आली ती थेट २०१२ साली, कॅसेटची दुकानं उठून गेल्यावर. हा उशीर मला आजही खुपतो. टी-सिरीजनं परवडणारी कॅसेट गावोगावी पोचवली, तेव्हा आमचं भरणं आपसूक कमी झालं. आम्हाला विकत घ्यायचंच होतं.

आणि पोहरादेवीची ती कॅसेट? तांड्यावरच्या बायांनी यात्रेत म्हटलेली सेवालाल महाराजांची भजनं. ती टिपायला कुठली कंपनी आली नव्हती. एकावरून दुसरी अशी ती आम्हीच सात-आठ घरांत पोचवली.

परवा मानोऱ्याहून त्यातल्या एकीची लेक आली. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पट्टी पेन्सिलीनं ताणून घेतली, कॅसेट लावली. दुसऱ्या भजनाआधी आई खोकते.

“दादा, मांगं घ्या जरासं,” ती म्हणाली.