छायाचित्रांतील खोटे बिंदु व जुन्या लेखांचें वाचन

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांनीं हल्लीं डिजिटल कॅमेऱ्याचा अवलंब केला आहे, व तो योग्यच आहे. मूळ कागद मालकाच्या दप्तरांत राहतो आणि अभ्यासकास वाचनासाठीं प्रतिमा मिळते. परंतु पुढें कसरीनें, ओलीनें किंवा घरच्या वांटणींत तो कागद नाहींसा झाला, म्हणजे ती प्रतिमाच एकमेव साधन उरते. अशा वेळीं तींतील ठिपका लेखकाचा कीं यंत्राचा, हें ठरविणें वाचनाचाच भाग होतो.

कॅमेऱ्यांतील सेन्सर म्हणजे लक्षावधि सूक्ष्म घरें असलेली सिलिकॉनची पातळ पट्टी होय. प्रत्येक घराचा प्रतिमेंत एक पिक्सेल होतो. घरावर प्रकाश पडला असतां विद्युत्कण सुटतात व त्यांच्या संख्येवरून उजेडाचें मान ठरतें. परंतु उष्णतेमुळें कांहीं कण अंधारांतही सुटतात. ज्या घराच्या स्फटिकरचनेंत दोष असतो तेथें ते फार जमून तो बिंदु उजळ दिसतो. यासच हॉट पिक्सेल म्हणतात. कांहीं दोष घडणींतलेच असतात, पुष्कळसे विश्वकिरणांच्या आघातानें मागाहून होतात. म्हणून कॅमेरा जुना होतो तसे हे बिंदु वाढतात. उष्णता सुमारें ६ ते ८ अंश सेल्सिअस वाढली कीं अंधारांत सुटणारे कण दुप्पट होतात. चित्र घेण्यास वेळ जितका अधिक, तितकी त्यांत भर पडते.

भरपूर उजेडांत घेतलेल्या कागदाच्या चित्रांत हा दोष सहसा जाणवत नाहीं. परंतु अंधाऱ्या लेण्यांतील शिलालेखास, किंवा पुसट शाईसाठीं अतिनील किरणांखालीं, अनेक सेकंद द्यावे लागतात. तेथें तो प्रकट होतो. प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी वा निळी गाळणी असल्यामुळें बिंदुही त्या रंगाचा दिसतो. तांबडा बिंदु पोथींतील हिंगुळाच्या ठिपक्यासारखा भासतो. शिलालेखाच्या ठशांत काळ्या भूमीवर अक्षरें पांढरीं असतात. तेथें उजळ बिंदु अनुस्वारच वाटतो. अनुस्वारानें 'खत' याचें 'खंत' होतें, 'खडी'ची 'खंडी' होते. फारशी लिपींत तर एका नुक्त्यानें 'हे' या अक्षराचा 'खे' होतो व 'रे' याचा 'झे'.

परीक्षा तीन आहेत. पहिली, लेन्सवर झांकण घालून तितक्याच वेळाचें व तितक्याच उष्णतेंत एक काळें चित्र घ्यावें. त्यांत त्याच जागीं उजळलेला बिंदु यंत्राचा. दुसरी, कागद किंचित् सरकवून पुन्हां चित्र घ्यावें. लेखकाचा ठिपका कागदाबरोबर सरकतो, यंत्राचा जागचा हलत नाहीं. तिसरी आकाराची. इंचास ३०० पिक्सेल या मानानें एका पिक्सेलची रुंदी सुमारें ०.०८५ मिलिमीटर येते. बोरूचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका सहा पिक्सेल व्यापतो. इंचास १०० पिक्सेलच असल्यास तो दोनच व्यापतो, आणि रंग जुळवितांना दोष शेजारच्या पिक्सेलांवर पसरत असल्यानें भेद राहत नाहीं. म्हणून मोठ्या कागदाचीं भागशः चित्रें घ्यावीं.

उपायांतही सावधगिरी हवी. कित्येक कॅमेऱ्यांत सदोष घरें शोधून त्यांच्या जागीं शेजारच्या घरांचें मान भरण्याची सोय असते. ती वर्षांतून एकदोनदां वापरावी. काळें चित्र मूळ चित्रांतून वजा करण्याची रीतही उत्तम आहे. परंतु काळें चित्र अधिक उष्णतेंत घेतलें असल्यास वजाबाकी जास्त होऊन पांढऱ्या कागदावर काळा ठिपका उमटतो, म्हणजे दोषाच्या जागीं नवा अनुस्वार! सरसकट सर्व ठिपके पुसणारी यांत्रिक गाळणी तर लेखकाचे बारीक बिंदुही पुसते.

यास्तव कॅमेऱ्यांतून आलेली रॉ प्रत न बदलतां जपावी, शुद्ध केलेली प्रत निराळी ठेवावी, आणि सरकवून घेतलेलें दुसरें चित्र व काळें चित्र तिच्याच सोबत असावें. पाठ छापतांना संशयित बिंदूविषयीं टीप अवश्य द्यावी. हें सर्व मूळ कागद हातीं असतांनाच साधतें. तो गेल्यावर एका चित्रावरून निर्णय करणें बहुधा अशक्य होतें.