असं का होतं? : जुन्या ट्रकच्या इंजिनातला गाळ

बंगळूरुच्या यशवंतपूर ट्रक टर्मिनलजवळ जुना ट्रक घ्यायचा असेल, तर आधी ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवावं. काळा, चिकट लगदा लागला, तर इंजिनाची हेळसांड झाली आहे.

हा गाळ येतो कुठून? भजी तळून तळून कढईतलं तेल दाट होतं, तशीच उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन इंजिन ऑइलची गत करतात. त्यात डिझेलची काजळी मिसळते. शहराच्या कोंडीत ट्रक तासन्‌तास रखडतो, इंजिन पुरेसं तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही. काजळी विखुरलेली ठेवणारी रसायनं ऑइलमध्ये असतात, पण ती हळूहळू संपतात. मग कण एकमेकांना चिकटतात.

या गाळानं तेलाच्या वाटा तुंबतात. टर्बोच्या बेअरिंगला तेल कमी पडलं, की खर्च मोठा.

तरीही गाळ धुऊन काढायला जोरकस फ्लश टाळावा! सुटलेले गठ्ठे पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब कोसळतो. खालचं चेंबर उतरवून जाळी हातानं धुवावी, नवं ऑइल आणि फिल्टर घालावा, पुढचे एक-दोन बदल लवकर करावेत. लगदा दुधाळ असेल, तर आत पाणी शिरलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी आधी हेड गॅस्केट आणि ऑइल कूलर तपासून घ्यावा.