बाळसं, वजन आणि आपले समज

मुलाच्या तब्येतीवर मत द्यायला आपल्याकडे कुणालाच पदवी लागत नाही. ‘काय गं, अगदीच काडी झालाय, खायला देत नाहीस का?’ असं आत्या विचारते, शेजारच्या काकूही विचारतात. मूल गुबगुबीत असेल तर ‘खात्यापित्या घरचं दिसतंय’ म्हणून कौतुक होतं. महाराष्ट्रात ही दोन्ही टोकं एकाच वेळी दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच वयोगटात जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण मात्र आधीच्या सर्वेक्षणातल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. म्हणूनच घरोघरी पक्के बसलेले काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : गुटगुटीत मूल निरोगी, बारीक मूल अशक्त.

वस्तुस्थिती : नुसत्या नजरेला हे कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक मूलही चरबीच्या बाबतीत बारीक असेलच असं नाही. भारतीयांना मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होतो, हे लक्षात घेऊन भारतीय बालरोग संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे वेगळे तक्ते काढले आणि त्यांत जास्त वजनाची रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली ओढली. उंची आणि वजन दोन्ही मोजून अशा तक्त्यावर मांडावं. एका वेळच्या आकड्यापेक्षा रेघ कुठल्या दिशेने चालली आहे, हे जास्त महत्त्वाचं असतं.

गैरसमज : दीड-दोन वर्षांचं मूल जेवतच नाही, म्हणून मागे लागून भरवावं लागतं.

वस्तुस्थिती : पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, तीन किलोचं बाळ नऊ किलोपर्यंत जातं. दुसऱ्या वर्षात वाढ जेमतेम दोन-अडीच किलोची असते. वाढच मंदावली की भूकही कमी होते, त्यात आजार काही नसतो. तरीही आपण मोबाइल समोर धरून घास कोंबतो. पोट भरल्याची खूण ओळखण्याची जी उपजत जाण मुलाकडे असते, ती अशाने बोथट होते. ‘पानात टाकायचं नाही’ हा नियम चांगलाच आहे, पण मग पान वाढतानाच कमी वाढावं. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सुचवलेली वाटणी सोपी आहे : काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलाने. नवी भाजी एकदा नाकारली म्हणून सोडून देऊ नये. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती पानात दिसल्यावर कित्येक मुलं ती खाऊ लागतात. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या सौद्यातून भाजी ही शिक्षा आहे, एवढंच मूल शिकतं.

गैरसमज : साखर वाईट, पण गूळ, मध, घरी काढलेला रस आणि दुधातली पावडर चालते.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मध आणि फळांचा रस हे साखरेतच मोडतात. गुळातही बहुतांश साखरच असते. अख्खं फळ मात्र त्या हिशेबात येत नाही. अशी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत असावी. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे जेमतेम १९ ग्रॅम, चार चमच्यांहून कमी. सकाळचं पावडरीचं दूध, डब्यातली क्रीमची बिस्किटं आणि संध्याकाळचं सरबत एवढ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दुधात मिसळायच्या पावडरी आणि तत्सम पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटात दाखवू नयेत, असं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाचा गटच नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवूच नये. त्यातून क्वचित, पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

गैरसमज : वजन वाढतंय, तर भात आणि तूप बंद करा.

वस्तुस्थिती : चमचाभर तुपात साधारण ४५ कॅलरी असतात. वरण-भातावरचं तेवढं तूप वजन वाढवत नाही. वजन वाढतं ते बहुधा दोन जेवणांच्या मधल्या खाण्याने : फरसाण, वेफर्स, बिस्किटं, खारी, वडापाव, थंड पेयं. भात ठेवा, पण त्याच्यासोबत डाळ किंवा उसळ आणि भाजी वाढवा.

गैरसमज : उंची वाढली की वजन आपोआप झडेल, नाहीतर थायरॉइड असेल.

वस्तुस्थिती : काही लहान मुलांचं वजन पुढे सावरतं. पण वयात येताना जी मुलं लठ्ठ असतात, त्यांतली बहुतेक मोठेपणीही लठ्ठच राहतात. थायरॉइडसारखी कारणं थोड्याच मुलांमध्ये सापडतात आणि अशा मुलांची उंचीही खुंटलेली असते. खाण्यामुळे वजन वाढलेलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असतं. मानेवर आणि काखेत काळा, मखमली पट्टा दिसत असेल तर तो मळ समजून घासत बसू नका. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

गैरसमज : जाड मुलाला डाएटवर ठेवावं.

वस्तुस्थिती : वाढत्या वयात उपास घडवणं धोक्याचं आहे. बहुतेक लहान मुलांच्या बाबतीत वजन आहे तिथे थांबवलं आणि उंची वाढू दिली, तरी प्रमाण सुधारतं. ‘जाड्या’, ‘ढोल्या’ अशा हाका मारल्याने वजन उतरत नाही. मूल चोरून खायला लागतं आणि मैदानावर जायला लाजतं. एकाच्या पानात दुधी आणि बाकीच्यांच्या पानात भजी, असा भेदभावही टिकत नाही. नियम सगळ्या घराला लागू हवेत : टीव्ही बंद करून एकत्र जेवण, रोज किमान तासभर घाम येईल असा खेळ आणि वेळेवर झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते.

बाबा सोफ्यावर बसून फरसाण खात असतील, तर मुलाने काकडी खावी ही अपेक्षा धरू नका. या महिन्याच्या किराणा यादीतून बिस्किटांचे मोठे पुडे आणि सरबतांच्या बाटल्या वगळा आणि मुलाची उंची-वजन डॉक्टरांकडून तक्त्यावर मांडून घ्या. आधी ही दोन कामं करा. वेगळा आहारतक्ता लागणार आहे का, ते डॉक्टर त्यानंतर सांगतील.